घोडीसमोर 'हो' म्हणू नये

अवरे आली. कुणी बोलावली होती तिला?

यंदा मी काही पेरलं नाही. रागी नाही, आणि रागीच्या ओळींमध्ये लावतात ती अवरेही नाही. रागी म्हणजे तुमची नाचणी, अवरे म्हणजे तुमचा पावटा. आम्ही घरात मराठी बोलतो, पण तीनशे वर्षांहून जास्त या बंगळूरच्या मातीत आहोत. शेतातलं सगळं आमच्याकडे कानडीतच उगवतं. तर गेल्या सुगीत जे दाणे सांडले ते कुंपणाच्या कडेला आपोआप रुजले. दहा-बारा झाडं. मला दिसली होती. म्हटलं, पाणी नाही दिलं की मरतील. कसली मरतात! मार्गशीर्षाचं धुकं पिऊन फुलली, आणि काल सकाळी बघतो तर शेंगा लोंबताहेत.

एक तोडली. तोडायला नको होती. अवरेला एक तेलकट, उग्र वास असतो, दव पडलं की तो वाढतो. सोगडू म्हणतात इकडे. बोटांना लागला की साबणाने जात नाही. मी राखेने घासलं, मातीने घासलं, काही उपयोग नाही. माझ्या हाताला यमुनेच्या हाताचा वास यायला लागला. यमुना माझी बायको. गेल्या अवरेतच गेली. या दोन महिन्यांत तिच्या हातांना दुसरा वास कधी नसायचाच. माझं डोकं फिरलं. दोन झाडं मुळासकट उपटली आणि शेळ्यांपुढे फेकली. तीनच शेळ्या उरल्यात. त्यांनी पाला, शेंगा, फुलं, सगळं करकर चावून खाल्लं आणि आणखी द्या म्हणून तोंडं वर केली. शेळीला सुतक नसतं.

पलीकडे खुंट्याला मैना उभी होती, मान लांब करून बघत. मैना म्हणजे आमची घोडी. एकोणीस वर्षांची आहे. येत्या रविवारी तिला न्यायला टेम्पो येणार आहे. नंदीच्या डोंगराकडे कुणाची तरी बाग आहे, सुटीच्या दिवशी शहरातली पोरं तिथे घोड्यावर बसायला येतात म्हणे. मुलाने ठरवलं. मला विचारलं तेव्हा मी 'सरी' म्हणालो.

'सरी' म्हणालो. 'हो' नाही म्हणालो. या दोन शब्दांत काय फरक आहे ते आमच्या घराबाहेर कुणाला कळायचं नाही, म्हणून सांगतो.

आमचे लोक इकडे आले तेच घोड्यांबरोबर. आधी लढाईची घोडी, मग जटक्याची. जटका म्हणजे टांगा. येलहंका स्टेशनबाहेर माझ्या बापाचा जटका उभा असायचा, त्याच्या मागे माझा. घोडं थांबवायचा आमचा शब्द 'हो'. लगाम नंतर, आधी शब्द. शिंगराला पहिल्या वर्षी दुसरं काही शिकवायचं नाही, एवढंच शिकवायचं, की आभाळ कोसळलं तरी 'हो' ऐकलं की पाय जागच्या जागी. आईचं बघून शिंगरू शिकतं, त्याचं बघून त्याचं शिंगरू. मैनेच्या डोक्यावरून येलहंकाच्या तळावरची लढाऊ विमानं कान फाडत जातात तरी तिच्या तोंडातलं गवत थांबत नाही. पण गोठ्याबाहेर कुणी हळूच 'हो' म्हटलं, तर चारी पाय पुरल्यासारखे.

आता मराठी माणसाने दिवसभरात किती वेळा 'हो' म्हणायचं? जटका भर रस्त्यात, मागे बसलेली बाई विचारते, "पुढच्या वळणावर सोडाल ना?" तुम्ही म्हणता 'हो' आणि घोडं उभं. मागून लॉरीवाला आई-बहीण काढतोय. म्हणून आमच्या घरात 'हो' बंद. त्याच्या जागी कानडीतलं 'सरी' घेतलं, म्हणजे 'ठीक आहे'. पाऊस पडतोय का बाहेर? सरी. म्हातारा गेला का? सरी. पाहुणे पोट धरून हसायचे.

यमुना होसूरकडची. तिला हे कोण सांगणार? लग्न करून आणली, स्टेशनवर उतरलो, जटक्यात बसलो. पुढे बाप हाकायला, मागे आई, ती आणि मी. आईने विचारलं, "सूनबाई, नीट बसलीस ना?"

"हो."

घोडं थांबलं. बापाने जीभ वाजवून परत काढलं.

आई म्हणाली, "अगं, हो म्हणू नकोस!"

घोडं थांबलं.

"बरं, नाही म्हणत हो," ही म्हणाली.

बाप मागे वळला. "दोघी तोंडं मिटा, नाहीतर वरात उद्या पोचेल."

पदराआड ती इतकी हसत होती की जटका हलत होता. मला तिचा चेहराही धड दिसला नव्हता, पण हसणं दिसलं. त्याच संध्याकाळी मी घोड्याला पाण्यावर नेत होतो आणि तिने दारातून हाक मारली, "अहो." घोडं थांबलं, मी पुढे, दोरी ताणली, मी उताणा. आई ओसरीवरून ओरडली, "अगं, त्यातही आहे तो शब्द!" मग ठरलं. कानडी बायका नवऱ्याला 'री' म्हणतात, हिनेही 'री' म्हणायचं. शेहेचाळीस वर्षं मी 'री' होतो. री, चहा झालाय. री, शेळी व्याली. री, घोरू नका.

कधी कधी कुरकुरायची. "सगळ्या बायकांना अख्खा अहो मिळाला. माझ्या वाट्याला एक अक्षर. एकदा तरी घोड्यांपासून लांब न्या मला, पोटभर म्हणून घेते."

एकदा नेली होती. मुलाच्या लग्नाची साडी घ्यायला जयनगरला, दोन बस बदलून. रस्त्यावर ही गर्दी, फुलांच्या पाट्या, दुकानांत दिवे. दुकानातून बाहेर पडलो तशी ती पायरीवर थांबली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाली, "इथे कुठे घोडं दिसत नाही. म्हणू का?"

मी काय म्हणालो? "शेळ्या दुधाच्या राहिल्यात. चल, बस जाईल."

ती म्हणाली, "सरी."

त्या माणसाला मी आज त्या पायरीवर गाठलं असतं तर त्याच्या कानाखाली काढली असती. बस काय, दर दहा मिनिटांनी होती.

अवरेच्या दिवसांत आमच्या घरात कुणी मोकळ्या हाताने बसायचं नाही. रागी कापून झालेली, खळ्यावर पसरलेली. मैना तिच्यावर गोल गोल फिरायची, मी मध्ये उभा राहून दोरी धरायचो. आता बाकीचे लोक कणसं डांबरी रस्त्यावर पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींकडून मळून घेतात. यमुना म्हणायची, "टायरने मळलेल्या रागीच्या मुद्द्याला पेट्रोलचा वास येतो." मुद्दे म्हणजे रागीच्या पिठाचा उकडलेला गोळा. तिला कसला कसला वास यायचा. ती ओसरीवर पाय पसरून बसायची, समोर भिजवलेली अवरे. दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, साल बोटांत राहते आणि आतला गर टुणकन पातेल्यात उडी मारतो. मी खळ्यात असलो की एखादा दाणा नेम धरून माझ्याकडे. लागला की दुसरीकडे बघायची. सालं शेळ्यांना. त्यांच्याशी कानडीत बोलायची, "बा, बा," म्हणजे ये, ये, आणि मैनेशी मराठीत. विचारलं तर म्हणायची, "शेळ्या इथल्याच आहेत. घोडी तुमच्या माहेरची."

आमच्या कुंपणापलीकडे आता चौदा मजले उभे राहिलेत. जिथे त्यांच्या मोटारी लागतात तिथे मी रागी कापली आहे. तिथल्या लोकांनी कागद पाठवला की शेळ्या ओरडतात, लिदीचा वास येतो, मुलांच्या तब्येतीला बरं नाही. आणि रविवारी तीच मुलं घेऊन फाटकाशी येतात. "अंकल, बच्चों को गोट दिखाएंगे?" यमुना दाखवायची. वर पोरांच्या ओंजळीत शेंगा द्यायची. मी म्हणायचो, "कागद पाठवतात त्यांना शेंगा कशाला?" ती म्हणायची, "कागद पोरांनी नाही लिहिला." मी असतो तर लीद दिली असती ओंजळीत. अजूनही देईन. आता येतच नाहीत, म्हातारा अंगावर येतो म्हणून. चांगलं आहे.

गेल्या साली याच दिवसांत तिला ताप आला. बाजारात अवरेचे ढीग लागले होते, पण तिथे शेंगांवर पाणी मारून विकतात, त्यांना सोगडू नसतो, मला त्या चालत नाहीत. हे मी बोललो होतो. ती पहाटे दवात जाऊन तोडायची. छातीत कफ झाला. काढा घेतला, वाफ घेतली, आणि मग एक दिवस ओठ निळे दिसायला लागले तेव्हा मुलाने उचलून मोठ्या दवाखान्यात नेली. पाच दिवस. तोंडावर प्लास्टिकची वाटी, त्यातून हवा. डॉक्टर येऊन सांगायचे, हे करू, ते करू. ती सगळ्याला मान हलवायची. सरी, सरी. तिला कुणी विचारलंच नाही की 'हो' का 'नाही'. मीही नाही.

शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते, महाराष्ट्रातले, इथे सरकारी कारखान्यात इंजिनीयर होते. त्यांची बायको दिवसभर त्यांच्याशी बोलायची. अहो, पाणी घेता का. अहो, पाय झाकू का. अहो, लेकाचा फोन आलाय. मध्ये नुसता एक हिरवा पडदा. पाच दिवस माझ्या कानांवर ते 'अहो' पडत होतं. यमुनाही ऐकत होती. एकदा माझ्याकडे बघून तिने भुवया उडवल्या. मी समजलो, हसतेय.

पाचव्या दिवशी दुपारी चार वाजले. शेळ्या दुधाच्या. शेजारी बघतो म्हणाला होता, पण शेळ्या परक्याला आचळाला हात लावू देत नाहीत. मी तिला म्हणालो, "दूध काढून येतो." तिने मान हलवली. मी पिशवी घेतली. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला. बारीक. "अहो."

मी थांबलो नाही. मला वाटलं, ती पडद्यापलीकडची बाई.

परत आलो तेव्हा चादर वरपर्यंत ओढलेली होती. मुलगा भिंतीला टेकून उभा. तो खाली औषधं आणायला गेला होता, तोही जवळ नव्हता. पडद्यापलीकडची बाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, त्या तुम्हाला हाक मारत होत्या. दोनदा मारली."

मी म्हणालो, "ती मला अहो म्हणत नाही."

तोंडातून हे निघालं. बायको मेलेली समोर, आणि मी त्या बाईशी वाद घालतोय. "नाही हो, म्हणतच नाही ती."

मैना असती तर थांबली असती. कुणी मारली, कुणाला मारली, बघितलं नसतं. जनावर आहे ते, त्याला एक शब्द शिकवलाय आणि तो ते विसरत नाही. मी माणूस, मी विचार केला.

काय सांगायचं होतं तिला? पाणी? की भीती वाटत होती? की तिथे घोडं नव्हतं म्हणून नुसतंच म्हणून बघत होती? वर्ष झालं, मी एवढंच दळतोय. भेटायला लोक आले, म्हणाले, "सुटल्या बिचाऱ्या." कशातून सुटली? माझ्यातून? एकाला मी फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि सांगितलं, परत येऊ नकोस. मुलगा म्हणतो, "अण्णा, लोक चांगल्या मनाने येतात." येत असतील. चांगल्या मनाने मलाही त्या दिवशी दूध काढायचं होतं.

मुलाचं नाव सुधीर. सर्जापूर रोडला अकराव्या मजल्यावर राहतो, कंपनीत आहे. त्याची बायको मृणाल, पुण्याची. वाईट नाहीत. पंधरा दिवसांनी येतात, डबे आणतात. आईला तो अक्का म्हणायचा. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "अण्णा, अक्का होती तोवर ठीक होतं. आता तुम्ही एकटे. ती घोडी तुम्हाला एकदा पाडेल. शेळ्या शेजारी घेतोय, घोडीची मी सोय केलीय. तुम्ही आमच्याकडे या." मला भांडता आलं असतं. भांडण माझ्याकडे भरपूर आहे. पण आतून कुणीतरी म्हणालं, ज्याला थांबता आलं नाही त्याने घोडी ठेवून काय करायचं? जाऊ दे. आणि मी 'सरी' म्हणालो. रस्ता रुंद झाला तेव्हा म्हणालो होतो, चौदा मजले आले तेव्हा म्हणालो, डॉक्टरला म्हणालो. 'सरी' म्हटलं की सगळं पुढे चालत राहतं. तसाच आहे तो शब्द.

इथवर लिहून वही बंद केली होती. त्याला आता चार दिवस झाले. रविवार होऊन गेला. राहिलेलं लिहितो.

सुधीर आणि मृणाल सकाळीच आले. धुकं होतं, पलीकडचे चौदा मजले दिसत नव्हते, तेवढंच बरं. मी मैनेला खरारा केला. हुलगे भिजवले होते ते घातले. सावकाश खाल्ले तिने, दात झिजलेत. टेम्पो आला. ड्रायव्हरने मागची फळी खाली टाकली, तिच्यावर पोतं अंथरलं. गोड माणूस होता. कानडीत म्हणाला, "अज्जा, दोरी माझ्याकडे द्या. तुम्ही समोर असलात तर ती चढायची नाही."

मी दोरी दिली. मैनेच्या कपाळाला हात लावला नाही. वळलो आणि गोठ्याकडे चालायला लागलो. शेळ्या दुधाच्या राहिल्या होत्या.

पाठीमागे फळीवर खूर वाजला. टक. दुसरा वाजला. मी मोजत नव्हतो, पण ऐकत होतो. आणि मागून आवाज आला.

"अहो!"

माझे पाय थांबले. माझे. मी थांबवले नाहीत.

"अहो अण्णा, चहा निवतोय!" मृणाल ओसरीवर कप घेऊन उभी.

फळीवरचा आवाजही थांबला होता. मी वळलो. मैना फळीवर, पुढचे दोन पाय वर, मागचे दोन मातीत. दगडाची केल्यासारखी. कान मात्र माझ्याकडे.

"नडी, नडी," ड्रायव्हर ओढायला लागला. चल, चल. मग मागून ढकलायला लागला. ती हलेना.

सुधीर म्हणाला, "मैना, पुढे हो. पुढे हो ना!"

मी म्हणालो, "आणखी म्हण."

मृणाल धावत आली. "काय हो झालं? घाबरली का हो ती?"

मला हसू आलं. वर्षभराने आलं, आणि त्याचाही राग आला. जटक्यात पदराआड हसणारी एकच बाई हे समजू शकली असती, आणि ती नव्हती. सुधीरला आठवलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. लहानपणी याच शब्दापायी मार खाल्लाय त्याने. "अण्णा, तुम्ही जीभ वाजवा. तुमचं ऐकून चालेल ती."

चालली असती. एकदा च्क् केलं असतं तर चालली असती. तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते, चौथी मैना.

मी ड्रायव्हरच्या हातातून दोरी घेतली. "उतरवतो हिला."

"अण्णा, असं काय करता? त्या लोकांना शब्द दिलाय. तुम्हीच हो म्हणाला होतात."

"मी सरी म्हणालो होतो."

"त्यात काय फरक आहे?"

"तुझ्या आईला विचारायला हवं होतंस. मीही विचारायला हवं होतं." माझा आवाज चढला होता, शेळ्या ओरडायला लागल्या. "ती आयुष्यभर सरी म्हणाली, आणि आपण दोघं चालत राहिलो. मागे वळून बघितलं का कधी? तू खाली औषधाला, मी दुधाला. 'अहो' म्हणाली ती, दोनदा म्हणाली. आणि घोडीएवढीही अक्कल नव्हती मला. ही कुठे जायची नाही. मरेल तेव्हा इथेच मरेल, नाहीतर मी मरेन, मग काय करायचं ते करा."

सुधीरला हे ठाऊक नव्हतं. त्या हाकेचं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तो फळीच्या कडेला बसला. मी मैनेला खाली घेतलं, ड्रायव्हरने न सांगता पोतं गुंडाळलं. जाताना म्हणाला, "अज्जा, शहाणी घोडी आहे." मी म्हणालो, "माझ्यापेक्षा."

माझा राग गेलेला नाही. कुणाला वाटत असेल की आता म्हातारा शांत झाला, तर चूक आहे. चौदा मजले आहेत तिथेच आहेत. तो हिरवा पडदा अजून डोळ्यांपुढे हलतो. मी वळलो खरा, पण एक वर्ष उशिरा वळलो, आणि वळून दिसली ती घोडी. पण जी काही आठ-दहा झाडं कुंपणाला राहिली होती ती मी उपटली नाहीत.

त्या दिवशी दुपारी मृणालने शेंगा तोडल्या आणि ओसरीवर बसून सोलल्या. भिजवलेले दाणे कसे दाबायचे ते मी लांबून सांगितलं, सांगता येत नव्हतं म्हणून जवळ बसून दाखवलं. माझीही बोटं जाड, अर्धे दाणे चेंगरले. तिच्या चिमटीतून एक सुटला आणि सरळ माझ्या कानावर लागला.

"अहो, सॉरी सॉरी!" ती म्हणाली.

अंगणात मैना चरता चरता थांबली. सुधीर म्हणाला, "चालवा तिला, अण्णा." मी म्हणालो, राहू दे थोडा वेळ.